बैलगाड्यांना घाट मिळाला, आमच्या गाड्यांनाही एक पट्टी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महामार्गावर मध्यरात्रीनंतर गाड्या पळवणाऱ्या मुलांची बातमी आपल्या अंकात वाचली. चार दिवसांनी त्यावर एका वाचकांचं पत्र आलं. पोरांना पकडून उपयोग नाही, त्यांना गाड्या 'बनवून' देणारी गॅरेजं आधी बंद करा, असं त्यांचं म्हणणं. मी नाशिकच्या द्वारकेजवळ इंजिन बोअरिंगचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून सारखे करून द्यायचं, वर्कशॉप चालवते. जुन्या गाड्या शर्यतीसाठी तयार करायचं काम आमच्याकडे तीस वर्षांहून जास्त काळ होत आलंय. ते पत्र माझ्यासारखीलाच होतं, म्हणून उत्तर देते आहे.

आधी एक सांगून टाकते. रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पिंपळगावला, लासलगावला सकाळच्या लिलावात नंबर लागावा म्हणून कांद्याच्या ट्रॉल्या रात्रीच निघतात. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, पुष्कळदा रिफ्लेक्टरही नसतो. ताशी १५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४२ मीटर. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच गाडी पन्नास-साठ मीटर पुढे गेलेली असते, आणि खरं ब्रेक लागणं तिथून पुढे सुरू होतं. त्या ट्रॉलीवर पोत्यांना टेकून कुणाचा तरी पोरगा झोपलेला असतो. पोलिसांनी गाड्या उचलल्या ते योग्यच केलं.

पण पत्रलेखकांनी ज्यांना एका मापात मोजलं, त्यात दोन वेगळी माणसं आहेत. नवी गाडी घ्यायची, तिच्या कॉम्प्युटरमध्ये कुठून तरी आणलेला प्रोग्रॅम भरायचा, सायलेन्सर कापायचा आणि रात्री रस्त्यावर उतरायचं, हे एक. आणि तीस वर्षांची जुनी गाडी नटबोल्टापर्यंत खोलून, एकेक भाग मापून, ४०० मीटरच्या सरळ पट्टीसाठी परत बांधायची, हे दुसरं. पहिल्याला एक दुपार पुरते. दुसऱ्याला दोन-दोन वर्षं लागतात, आणि एवढं करून त्या गाडीला पळायला जागा नसते. मला लिहायचंय ते या जागेबद्दल.

मिस्टरांना हा नाद रद्दीतून लागला. लग्नानंतर मी वर्कशॉपमध्ये बसायला लागले १९९१ पासून, आधी हिशेबाला, मग होनिंगला, म्हणजे सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करायला. तेव्हा ते रद्दीच्या दुकानातून अमेरिकन मोटार मासिकं किलोवर घेऊन यायचे. आम्ही दोघं शब्दकोश घेऊन ती वाचायचो. त्यात पॉन्टिअॅक जीटीओचा फोटो होता, १९६४ची. मध्यम आकाराच्या गाडीत कंपनीने आपल्या मोठ्या गाडीचं ३८९ घनइंचाचं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन बसवलेलं, ३२५ हॉर्सपॉवर. त्या काळात आपल्या अॅम्बेसेडरला १४८९ सीसीचं इंजिन आणि पन्नासच्या आसपास हॉर्सपॉवर. पुढे दोनच वर्षांत डॉज आणि प्लिमथने रस्त्यावरच्या गाडीत 'हेमी' नावाचं ४२६ घनइंची इंजिन दिलं, ४२५ हॉर्सपॉवरचं. यांना मसल कार म्हणायला लागले. प्रदूषणाचे नियम आले, विम्याचे हप्ते वाढले, १९७३ची तेलटंचाई आली, आणि त्या गाड्यांचं युग दहाएक वर्षांत संपलं. मग त्या जुन्या झालेल्या गाड्या तिथल्या पोरांनी उचलल्या आणि पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या शर्यतीसाठी बांधायला घेतल्या. अजूनही बांधतात.

जुनीच गाडी का, असं मला गिऱ्हाइकांचे आईवडील विचारतात. तिच्यात ताकद मागच्या चाकांना जाते, म्हणून. गाडी जोरात सुटली की तिचं वजन मागे सरकतं, मागची चाकं रस्त्यावर दाबली जातात आणि पकड वाढते. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत नेमकं उलट होतं, ज्या चाकांना पकड हवी तीच हलकी होतात. शिवाय जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी हात जातो. कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, बदलायला पेचकस आणि पाना पुरतो.

आपल्याकडे तसली गाडी म्हणजे कॉन्टेसा. व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीच्या गाडीवरून घेतलेली, १९८४ साली आलेली, २००२ मध्ये बंद झालेली. सुरुवातीला तिला अॅम्बेसेडरचंच इंजिन होतं आणि एवढं अंग ओढताना ते दमून जायचं. पुढे इसुझू या जपानी कंपनीचं १८१७ सीसीचं आलं, ८८ हॉर्सपॉवरच्या आसपास, पाच गिअर. अमेरिकन माणूस तिला मसल कार म्हणणार नाही. पण लांब बॉनेट, रुंद छाती, मागून ढकलणारी. आमच्यासाठी तीच.

सध्या वर्कशॉपमध्ये अशी एक उभी आहे. मुलगा सिडकोतला, अंबडला सीएनसीवर काम करतो. गाडी त्याच्या आजोबांची. निफाडकडे द्राक्षबाग होती, एका चांगल्या हंगामाला त्यांनी ती घेतली होती. नंतर सात वर्षं गोठ्याच्या शेजारी ताडपत्रीखाली पडून होती. पोरगा पगारातून महिन्याला थोडे थोडे पैसे माझ्याकडे ठेवत गेला आणि आम्ही पुढचं पुढचं काम करत गेलो. ब्लॉक खोलला तेव्हा तीन नंबरच्या सिलिंडरला वरच्या बाजूला आठ थाऊ, म्हणजे इंचाच्या आठ हजारांश, झीज होती. बोअर करून वीसची, म्हणजे मूळ मापाहून वीस थाऊ मोठी, पिस्टन बसवली.

पिस्टन बसवायच्या आधी आम्ही काय करतो ते सांगते, कारण 'गाडी बनवून देतात' म्हणणाऱ्यांनी हे कधी पाहिलेलं नसावं. मिस्टरांनी फार वर्षांपूर्वी सराफ बाजारातून एका जुन्या पेढीचा तराजू विकत घेतला होता, पितळी पारड्यांचा. चारही पिस्टन त्या तराजूत जातात. मग पिस्टनला इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, म्हणजे क्रँकशी जोडणारे चारही कनेक्टिंग रॉड, आणि रॉडची दोन टोकं वेगवेगळी, एक टोक दोरीला टांगून दुसरं पारड्यात ठेवून. सगळ्यात हलका कोणता ते बघायचं आणि बाकीचे तीन त्याच्या वजनाला आणायचे. कानशीने, मग पॉलिश पेपरने, जिथे ताण येत नाही अशाच जागेवरून. दोन-तीन घासण्या, की परत तराजूत. चारही एकमेकांच्या ग्रॅमभराच्या आत आले की थांबायचं. या गाडीला मला तीन रविवार लागले. कारण साधं आहे. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेतं तेव्हा प्रत्येक पिस्टन सेकंदाला दोनशे वेळा दिशा बदलतो. दोन पिस्टनमध्ये दहा ग्रॅमचा फरक असेल तर तो दर फेऱ्याला क्रँकवर घाव घालतो.

फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाचं जड चाक, हलकं करून द्या, असं प्रत्येक पोरगा म्हणतो, गाडी लवकर उचलते म्हणून. आम्ही ठरावीक मर्यादेपुढे करत नाही. मूळचं फ्लायव्हील बिडाचं असतं. बीड ठिसूळ. जास्त कापलं आणि फेरे वाढले तर ते फुटतं, आणि फुटलं की तुकडे ड्रायव्हरच्या पायांच्या दिशेने येतात. अमेरिकेतल्या शर्यतीत ठरावीक वेळेच्या आत पट्टी संपवणाऱ्या गाडीला मूळचं बिडाचं चालतच नाही, प्रमाणित फ्लायव्हील लागतं. माझ्याकडून नकार घेऊन दुसरीकडे गेलेले तिघं मला आठवतात.

आता मिस्टरांची गोष्ट, जी मी आजवर वर्कशॉपबाहेर कुणाला सांगितलेली नाही. १९९८चा डिसेंबर. एका गिऱ्हाइकाची इसुझू इंजिनाची अॅम्बेसेडर तयार झाली होती. ट्रायलला जागा नव्हती, म्हणून ते पहाटे पाचला पेठ रोडने शहराबाहेर घेऊन गेले. सरळ रस्ता बघून गाडी सोडली. दुसऱ्या गिअरला प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याचा, पुढचा क्रॉस (सांधा) तुटला. शाफ्ट खाली पडला, त्याचं पुढचं टोक डांबरात रुतलं, आणि बांबूच्या टोकावर माणूस उचलला जावा तशी गाडी मागून उचलली गेली. आडवी होऊन घसरत गेली. मिस्टरांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. समोरून एक दूधवाला सायकलवर येत होता, दोन्ही बाजूंना किटल्या. गाडी त्याच्यापासून वीस फुटांवर थांबली. त्यानेच यांना दार वाकवून बाहेर काढलं.

ते घरी आले तेव्हा दुखण्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. "तो माणूस वीस फुटांवर होता गं," एवढंच चार-पाच वेळा म्हणाले.

त्या दिवसानंतर आमच्या वर्कशॉपमधून एकही गाडी रस्त्यावर ट्रायलला गेली नाही. आणि आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला शाफ्टभोवती लोखंडी कडं बसलं. दोन इंच रुंद, दोन सूत (पाव इंच) जाडीची पट्टी, वाकवून, पुढच्या क्रॉसपासून सहा इंचांच्या आत. क्रॉस तुटला तरी शाफ्ट कड्यात अडकतो, जमिनीला लागत नाही. हे माप आम्ही शोधलेलं नाही. आमच्या त्या रद्दीतल्या मासिकांत अमेरिकेच्या नियमावलीतून छापलेलं होतं. अपघाताच्या चार वर्षं आधीपासून ते पान आमच्या घरात होतं. मिस्टर २०१४ मध्ये गेले, तोवर हे त्यांना लागून राहिलं होतं.

तिथले हे नियम आले कसे, ते वाचण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली पोरंही रस्त्यावरच पळवायची आणि मरायची. वॉली पार्क्स या गृहस्थांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली, ती पोरांना रस्त्यावरून उचलून पट्टीवर आणायला. एप्रिल १९५३ मध्ये पोमोना गावात जत्रेच्या मैदानाच्या पार्किंगमध्ये त्यांची पहिली अधिकृत शर्यत झाली, आणि गावचे पोलीस सोबतीला होते. पुढच्याच वर्षी पोमोनाच्याच पोलिसांतले सार्जंट बड कून्स तीन जणांना घेऊन, एक गाडी आणि मागे ट्रेलर जोडून, देशभर हिंडले. ठिकठिकाणच्या पोरांना शर्यत नीट कशी भरवायची, गाडी कशी तपासायची हे शिकवत. एक पोलीस हे करतो, ही गोष्ट मी आमच्या पोरांना नेहमी सांगते. पट्टीवरही माणसं दगावतात, ते मी लपवणार नाही. २००८ मध्ये स्कॉट कॅलिटा हा नामवंत चालक न्यू जर्सीतल्या पट्टीवर गेला. त्यानंतर त्यांनी सर्वांत वेगवान गाड्यांचं अंतर १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणलं, म्हणजे थांबायला जागा वाढली. असा नियम जागा असली तरच सुधारता येतो.

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं. वडिलांकडे शर्यतीची जोडी होती. बैलगाड्यांचा घाट म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. एक सरळ चढती पट्टी, सुटायची जागा ठरलेली, पोचायची ठरलेली, आणि बारी, म्हणजे एक धाव, किती सेकंदांत गेली ते घड्याळावर. मिस्टरांनी पहिल्यांदा मला पाव मैलाची शर्यत समजावून सांगितली तेव्हा मी म्हणाले, अहो, हा तर घाटच. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली. वडील तेव्हा हयात होते, जोडी विकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा कायम ठेवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, अनामत भरावी लागते, जनावरांचे डॉक्टर आणि अॅम्ब्युलन्स उभी असते, धावपट्टी १००० मीटरपेक्षा लांब चालत नाही, सार्वजनिक रस्ता वापरता येत नाही. वडील हे बघायला राहिले नाहीत, पण माझा भाऊ आज नियमाने शर्यत लावतो आणि त्याला कुणी गुन्हेगार म्हणत नाही.

गाड्यांच्या बाबतीतही कायद्याने दार पूर्ण लावलेलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या शर्यतीला शिक्षा आहे, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कलमात शब्द आहेत, 'राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय'. म्हणजे संमती देता येते. याच नाशिकमध्ये राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झाल्या आहेत, रस्ते परवानगीने बंद करून. लोणावळ्याच्या पलीकडे आंबी व्हॅलीच्या विमानाच्या धावपट्टीवर ड्रॅग, म्हणजे अशाच सरळ पट्टीच्या, शर्यती झाल्या. चेन्नईजवळ शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर तर कितीतरी वर्षं गाड्या पळाल्या.

आंबी व्हॅलीला मी एकदा गेले आहे, एका गिऱ्हाइकाच्या कॉन्टेसाबरोबर. गाडी टेम्पोवर बांधून नेली. पट्टीवर जायच्या आधी तपासणीच्या टेबलावर हेल्मेट बघितलं, पट्टा ओढून बघितला, बॅटरी हलते का बघितली, खाली वाकून तेल गळतंय का बघितलं. एका महागड्या परदेशी गाडीला बॅटरी सैल म्हणून परत पाठवलं, मालक चिडला तरी. मला ते बघून बरं वाटलं. सुटायच्या रेषेवर दिव्यांचा खांब असतो. पिवळे दिवे क्रमाने लागतात, मग हिरवा. हिरव्याआधी चाक हललं तर लाल, बारी बाद. आमची गाडी, तिच्यावर काम होण्याआधी, ४०२ मीटरला वीस सेकंदांच्या जवळपास घ्यायची असा आमचा अंदाज होता. तिथे तिने १७.४ घेतले. त्या दिवशी तिथे बारा सेकंदांच्या आतल्या गाड्या होत्या, त्यांच्यापुढे हे काहीच नाही. पण छापील चिठ्ठी हातात आली तेव्हा मी ती मिस्टरांच्या फोटोमागे ठेवली.

त्यांच्याकडे, म्हणजे अमेरिकेत, आणखी एक पद्धत आहे, ती आपल्याकडे फार चालेल असं मला वाटतं. प्रत्येकाने आपली गाडी किती सेकंद घेईल ते काचेवर लिहायचं. हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात. लिहिलेल्या वेळेपेक्षा गाडी लवकर पोचली तर तीही बाद. म्हणजे १०८९ सीसीची पद्मिनी आणि दोन कोटींची गाडी एकाच पट्टीवर बरोबरीने उभ्या राहू शकतात. जो रोज आपल्या गाडीचं कार्बोरेटर, हवा, टायरमधला दाब लिहून ठेवतो, त्याला पैसेवाला सहज हरवू शकत नाही.

आता नियमांची दुसरी बाजू. मोटार वाहन कायद्याच्याच कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत मालकाला मनाने बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. मला ते मान्य आहे. शर्यतीसाठी बांधलेली गाडी भाजी आणायला कॉलेज रोडला फिरवायची नसते. तिची ट्रेलरवरच ने-आण व्हावी, आणि तिची नोंदणी रस्त्यासाठी नसावी, असं मी स्वतः गिऱ्हाइकांकडून लिहून घेते. पण मग अशा गाडीला नाव काय? व्हिंटेजचे नियम २०२१ मध्ये आले, त्यात गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपातली लागते. १९८४ची पहिली कॉन्टेसासुद्धा २०३४ पर्यंत त्यात बसत नाही, आणि बदललेली तर कधीच नाही. सिडकोच्या त्या मुलाने एका कार्यालयात जाऊन सरळ विचारलं, मला ही गाडी रस्त्यावरून काढून फक्त शर्यतीसाठी ठेवायची आहे, काय करू? तिथल्या माणसाने कागद न बघताच सांगितलं, भंगारात दे. पोरगा माझ्याकडे आला तो रडवेला होऊन. आजोबांची गाडी ती.

म्हणून माझी मागणी आहे. जिल्हा प्रशासन, परिवहन विभाग आणि पोलिसांनी मिळून वर्षातून चार रविवार एक सरळ पट्टी द्यावी. चारशे मीटर पळायला आणि निदान त्याच्या दुप्पट थांबायला, दोन्ही बाजूंना अडथळे, मध्ये ना दुभाजक ना खांब. नव्या औद्योगिक वसाहतीत रस्ते आधी होतात, कारखाने नंतर येतात, त्या मधल्या काळात असा एखादा रस्ता रविवारी सकाळी रिकामा सापडेल. शर्यत भरवायचं काम एफएमएससीआय या देशाच्या मान्यताप्राप्त मोटरस्पोर्ट्स संस्थेच्या नियमांखाली व्हावं. अॅम्ब्युलन्स, अग्निशमनचा बंब आणि विमा यांचा खर्च भाग घेणाऱ्यांनी करावा. आम्ही करू. आणि त्यानंतर जो पोरगा रस्त्यावर सापडेल त्याला पट्टीवर कायमचा मज्जाव करावा. माझ्या गिऱ्हाइकांना दंडापेक्षा याचीच भीती जास्त वाटेल, हे मी खात्रीने सांगते.

सिडकोच्या मुलाची कॉन्टेसा दिवाळीपासून तयार आहे. तो दर रविवारी येतो, ताडपत्री काढतो, इंजिन सुरू करून पाच मिनिटं ऐकतो, बंद करतो. "काकू, एकदाच, पहाटे चारला, रस्ता रिकामा असतो," असं त्याने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्याला पेठ रोडची गोष्ट सांगितली. चावी माझ्या गल्ल्यात आहे, आणि तिथेच ठेवा असं त्यानेच सांगितलं आहे.

तपासणीची तीन पानी यादी मी मराठीत तयार केली आहे. शाफ्टच्या कड्यापासून बॅटरीच्या क्लॅम्पपर्यंत, मापांसकट. ती या पत्रासोबत जोडली आहे. छापायला जागा नसेल तर निदान संबंधित अधिकाऱ्यांपर्यंत पोचवावी. पहिला रविवार ठरला तर तपासणीच्या टेबलावर मी स्वतः बसेन.

आपली,
एक बोअरिंग वर्कशॉपचालक,
द्वारका, नाशिक